शेंडेनक्षत्र असेपर्यंत

माझा भाऊ प्यो उन-सोक. गाव त्याला प्यो गुरुजी म्हणायचं. आमच्या सोल्गोलमध्ये त्याच्याबद्दल आता दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, तो आभाळाकडे बघून राजाला शिव्या देणारा वेडा होता. कुणी म्हणतं, संत होता. दोन्ही खोटं. उकडलेली चेस्टनट सालीसकट तोंडात टाकून मग सालं थुंकत बसणारा, पायाला बारमाही गळवं होणारा, अंगरख्याला चार ठिगळं लावून हिंडणारा तो खेड्यातला मास्तर होता. मी त्याच्याच घरात राहायचे आणि त्याच्याशी रोज भांडायचे. तेव्हा माझ्याइतकं त्याच्याबद्दल कोण सांगणार?

माझं नाव मालसुन. म्हणजे शेवटची मुलगी. माझ्याआधी तीन मुली झाल्या होत्या, तेव्हा आता पुरे हे देवाला कळावं म्हणून हे नाव ठेवलं. दादा मला ‘माले’ म्हणायचा. तो आमच्या ओट्यावर शाळा घ्यायचा. आयुष्यभरात चाळीसएक पोरांना त्यानं अक्षर शिकवलं असेल. पोरं ओट्यावर मोठ्यानं धडे घोकायची आणि मी मागे चुलीपाशी असायचे. सगळे धडे मला तोंडपाठ होते, पण अक्षर एक ओळखता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला शिकवावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही, आणि मीही कधी म्हणाले नाही.

मी त्याच्या घरी परत आले ते विधवा होऊन. त्याआधी दोन वर्षं पाऊस नव्हता, बार्लीच्या लोंब्या पोकळ निघाल्या होत्या. आमच्या डोंगरावरचे पाइन राजाचे, त्यांची जहाजं बनतात. फांदी तोडली तर फटके, झाड तोडलं तर मान. पण पाइनची आतली कोवळी साल खरवडून, उकडून, कुटून लापशी करता येते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा नवरा बाऊ एका सकाळी ती साल खरवडायला गेला. आमचा मुलगा सहा वर्षांचा होता आणि भुकेनं रडायचाही थांबला होता. जंगलाच्या राखणदारांनी बाऊला पकडलं. तीस फटके. नवव्या दिवशी तो गेला. साल टोपलीत तशीच होती. मी तिची लापशी केली आणि मुलाला भरवली. टाकून थोडीच देणार होते?

फटक्यांचा हुकूम परगण्याच्या अंमलदाराचा. अंमलदार होता शिम ग्योंग-जे.

हा शिम कोण, तर लहानपणी तीन वर्षं आमच्या घरी जेवलेला मुलगा. त्याचा बाप राजधानीतला मोठा माणूस, दरबारात कुणाशी तरी वाकडं आलं म्हणून त्याला आमच्या गावात आणून टाकला होता. आमच्या मागच्या खोलीत ते बापलेक राहायचे. शिम आणि दादा एकाच वयाचे, एकाच चटईवर बसून शिकले. माझी आई दोघांना एकाच वाडग्यातून भरवायची. पुढे सूर्याला खग्रास ग्रहण लागलं, राजानं घाबरून कैद्यांना माफी दिली, त्यात शिमच्या बापाचं नाव निघालं. जाताना शिम आईच्या घागऱ्याला धरून इतका रडला, की आई आठवडाभर नीट जेवली नाही. तीस वर्षांनी तो अंमलदार होऊन आमच्याच परगण्यात आला. बाऊ माझा नवरा होता हे त्याला फटके देऊन झाल्यावर कळलं म्हणे. त्यानं एक पोतं तांदूळ पाठवला. दादानं तो परत पाठवला. मला विचारलं असतं तर मी ठेवून घेतला असता.

त्याच वर्षी सातव्या महिन्यात शेंडेनक्षत्र दिसलं. दिवस मावळला की पश्चिमेला, पाइनच्या शेंड्यांवर. शेपूट एवढी लांब, की हात पसरून मापली तर दोन विती भरायची. गाव हादरलं. कुणी म्हणे रोगराई येणार, कुणी म्हणे लढाई. बायकांनी आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण झाकायला सुरुवात केली, त्या शेपटीतून विष झडतं म्हणून. मीही झाकले.

दादा ओट्यावरून बघत होता. “माले, इतक्या लांबून ते तुझ्या रांजणात थुंकायला येतंय का ग?”

“थुंकलं तर तूच खाशील. मी तुलाच वाढीन.”

“अगं, जुन्या दप्तरांत अशी शेकड्यांनी लिहिलेली आहेत. येतात, जातात. आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.”

“मग हा दुष्काळ?”

“दुष्काळ आधी आला, ते नंतर. पाहुणा दारात यायच्या आधीच भात करपला, तर पाहुण्याला का बोल लावायचा?”

रोज संध्याकाळी तो ओट्यावर एका ठरलेल्या जागी बसायचा आणि नक्षत्र किती वर आहे त्याची कोळशानं खांबावर रेघ ओढायचा. पोरं बोटं दाखवून घाबरायची, तर त्यांना म्हणायचा, भिता काय, मोजा. असा माझा भाऊ. आभाळातल्या कशालाही न भिणारा.

मग परगण्याच्या कचेरीच्या अंगणात राजाचं फर्मान वाचलं गेलं. सगळं गाव गेलं होतं. राजानं मोठा महाल सोडला होता, ताटातले पदार्थ कमी केले होते, गाणंबजावणं थांबवलं होतं. आणि म्हटलं होतं: आभाळ माझ्यावर रागावलं आहे, माझं काय चुकतं ते मला सांगा. कुणीही सांगा. शब्द कितीही कडू असोत, कितीही उद्धट असोत, सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही.

घरी येताना दादा गळवाचा पाय ओढत असूनही माझ्यापुढे चालत होता. शेंडेनक्षत्रावर काडीचा विश्वास नसलेला हा माणूस राजाच्या शब्दावर मात्र लहान मुलासारखा विश्वास ठेवून बसला. मी म्हटलं, “तूच म्हणतोस ना, नक्षत्र काही करत नाही?”

“नक्षत्र काही करत नाही. पण त्याला भिऊन राजा ऐकायला बसलाय, माले. असा दिवस माणसाच्या जन्मात एकदा येतो.”

दोनच दिवसांनी शिम स्वतः घोड्यावरून आमच्या दारात आला. ओट्यावर बसला, पोरांना लवकर सुट्टी द्यायला लावली. म्हणाला, “उन-सोक, प्रत्येक परगण्यातून निदान एक तरी कागद राजधानीला गेला पाहिजे. नाही गेला तर माझी खरडपट्टी. आणि तुझ्याइतकं सुंदर या परगण्यात लिहितं कोण?”

“मी खरं लिहीन हं, ग्योंग-जे.”

“खरंच लिही. राजानं मागितलंय. कडू लिही.”

मला वाटतं, चांगलं वागावं, देवधर्म करावा, असलं काहीतरी दादा लिहील अशी त्याची कल्पना असावी. आमच्याकडचे पंडित असंच लिहितात. दादानं चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी मला शेवटचं वाचून दाखवलं: राजाच्या झाडाची साल खाल्ली म्हणून राजाचा एक माणूस मेला. झाड अजून उभं आहे.

मी पीठ मळत होते. म्हटलं, “कोण माणूस? नाव लिही.”

“नावाची गरज नाही. मुद्दा कळतो.”

“तुला कळतो मुद्दा. माझा नवरा मुद्दा नव्हता. नाव लिही, गाव लिही, फटके किती ते लिही, कुणी मारायला लावले ते लिही.”

त्यानं पुन्हा शाई घेतली आणि लिहिलं. हे मी लपवत नाही. बाऊचं आणि शिमचं, दोन्ही नावं माझ्या हट्टानं त्या कागदात गेली.

दादाच्या पायाला तेव्हा इतकं मोठं गळू झालं होतं की जोडा चढत नव्हता. कागद कचेरीत मी नेला. आठव्या महिन्याची तृतीया होती. तो दिवस मी विसरणं शक्य नाही, कारण तृतीयेला आमच्या आईचं श्राद्ध असतं. पहाटे निघून, नदी उतरून, कागद देऊन, दुपारपर्यंत परत येऊन मला स्वयंपाक करायचा होता. शिमनं मला आतल्या खोलीत बोलावलं, कागद दोन्ही हातांनी घेतला. मी कापडात बांधून नेलेल्या चेस्टनट त्याच्यापुढे ठेवल्या.

“आज काकूंचं श्राद्ध ना?” तो म्हणाला.

“लक्षात आहे तुमच्या?”

“त्यांच्या हातचा खारवलेला मुळा अजून जिभेवर आहे. थांब.” त्यानं नोकराला सांगून एक मोठा वाळवलेला मासा आणवला. “हा त्यांच्यापुढे ठेव. माझ्याकडून.”

तो मासा त्या दिवशी आईच्या श्राद्धाच्या ताटात मधोमध होता. दादानं आधी नाक मुरडलं, पण मग ठेवू दिला.

त्यानंतर आम्ही वाट पाहत होतो. शेंडेनक्षत्र रोज पुसट होत गेलं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला आमचा पितरांचा मोठा सण असतो. त्या चांदण्यात ते दिसेनासं झालं, आणि चंद्र उतरल्यावर पुन्हा पाहिलं तर नव्हतंच. खांबावरच्या रेघा थांबल्या. लोकांनी रांजणांवरची झाकणं काढली. राजाच्या ताटात पदार्थ परत आले असणार.

नवव्या महिन्यात दादाला पकडून नेलं. सुभ्याहून एक चौकशी अधिकारी आला होता. राजाच्या अंमलदाराची बदनामी केली, आभाळाचं निमित्त करून रयतेला चिथावलं, असा आरोप होता. दादानं सांगितलं, फर्मान निघालं म्हणून लिहिलं, तृतीयेला पाठवलं, नक्षत्र तेव्हा आभाळात होतं. शिमनं सांगितलं, माझ्याकडे कागद सणानंतर आला. तारीख वरच्या वेष्टणावर लिहिलेली होती, आणि वेष्टण बदललेलं होतं. आता कागद आणला कुणी? तर बहिणीनं. म्हणून दुसऱ्या दिवशी मला विचारणार होते.

आदल्या संध्याकाळी शिम आमच्या घरी आला. साधे कपडे, बरोबर कुणी नाही. चुलीपाशीच बसला, लहानपणी बसायचा तसा.

“साहेब, तुम्ही इथं जमिनीवर...”

“साहेब काय म्हणतेस? तुझ्या आईनं मला भरवलंय.” त्यानं भांड्यातली मुळ्याची फोड हातानं उचलून खाल्ली. “माले, उद्या तुला विचारतील, कागद कधी आणलास.”

“तृतीयेला आणला. तुम्हीच तर मासा दिलात.”

“दिला. पण तसं सांगू नकोस. उन-सोकच्या जिवावर बेतेल.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“नीट ऐक,” तो म्हणाला. “नक्षत्र वर असताना लिहिलेला शब्द म्हणजे आभाळाचं नाव घेऊन लिहिलेला शब्द. त्याचं वजन फार. त्यासाठी मान जाते. तेच नक्षत्र गेल्यावर लिहिलं असेल, तर ती एका खेडवळ मास्तराची बडबड. चार शब्द सुनावतील आणि सोडतील. तू एवढंच सांग, सणानंतर आणला.”

“पण शिक्षा होणार नाही असं राजानंच म्हटलंय ना?”

“राजे असं म्हणतातच. दरबार मी पाहिलाय, माले. तू पाहिलास का?”

नव्हता पाहिला. मी परगण्याच्या कचेरीपलीकडे काही पाहिलं नव्हतं. तो निघताना मी त्याला मुळा बांधून दिला. दिला, काय सांगू! माझ्याच हातानं दिला.

सकाळी अंगणात दादाला गुडघ्यांवर बसवलं होतं. पायाचं गळू फुटून वाहत होतं, कुणी बांधलं नव्हतं. चौकशी अधिकारी म्हातारा होता, आवाज मऊ. त्यानं विचारलं, “बाई, हा कागद तू कचेरीत कधी आणलास?”

मी दादाकडे पाहिलं नाही. म्हटलं, “सणानंतर. पौर्णिमेनंतर.”

“नक्की?”

“नक्की.”

अधिकारी दादाकडे वळला. “तुझी बहीण असं म्हणते. तुझं काय म्हणणं आहे?”

दादानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिमकडे, मग खाली मातीकडे. म्हणाला, “हिला मी शिकवलं नाही. चूक माझी आहे.”

लोक हसले. वेड लागलं वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. मला वाटलं तो मला मूर्ख म्हणतोय, आणि मला त्याचा रागच आला.

मग निकाल वाचला. राजानं दिलेली माफी शेंडेनक्षत्र असेपर्यंत होती. या माणसानं नक्षत्र गेल्यावर, आभाळ शांत झाल्यावर, आपण होऊन हे लिहिलं. म्हणजे याला ती माफी लागू नाही. मरेपर्यंत काळ्या बेटावर रवानगी.

गरज सरो, वैद्य मरो. हे मला तेव्हा कळलं. नक्षत्र असताना लिहिणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, नेमका तोच दिवस माझ्या तोंडून खोटा करून घेतला होता. मी ओरडले, “तृतीया होती! आईचं श्राद्ध होतं! यानंच मासा दिला!” शिपायांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. म्हातारा अधिकारी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “बिचारी. आता भावासाठी खोटं बोलतेय.”

शिम समोरच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. आमच्या घरचं मीठ तर त्यानं आदल्या संध्याकाळपर्यंत खाल्लं होतं. पुढच्या वर्षी त्याला बढती मिळाली आणि तो राजधानीला गेला. तो आमचा परगणा सुखानं सोडून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

काळं बेट तीन दिवसांच्या वाटेवर. चिलबोक नावाचा आमच्या किनाऱ्यावरचा नावाडी दरवर्षी दहाव्या महिन्यात तिथं मीठ घेऊन जायचा. मी कापूस भरून जाड पायमोजे शिवायचे आणि त्याच्याबरोबर पाठवायचे. परत आला की चिलबोक सरळ आमच्या दारात यायचा. मी सोयाबीनचा गरम रस्सा त्याच्यापुढे ठेवायचे आणि तो दादाचा निरोप सांगायचा.

पहिल्या वर्षी: “गुरुजी म्हणाले, मालेला सांग, डावा मोजा मोठा झाला. गळू बरं झालंय हे तिला कुठून कळणार!”

दुसऱ्या वर्षी: “म्हणाले, रांजण झाकतेस ना? इथून शेंडेनक्षत्र दिसलं तर तुलाच आधी कळवीन.”

तिसऱ्या वर्षी: “म्हणाले, श्राद्धाच्या मुळ्यात मीठ कमी घाल. आईलासुद्धा तुझा मुळा खारट लागायचा, ती बोलली नाही एवढंच.”

मी चिलबोकसमोरच चिडले होते. म्हटलं, आईनं मला कधी असं म्हटलं नाही, आणि याच्या स्वतःच्या जिभेला चव कुठाय!

चौथ्या वर्षापासून निरोप बदलला. “बरे आहेत म्हणाले. जेवत जा म्हणाले.” पाचव्या वर्षी तेच. सहाव्या वर्षी तेच. मी खोदून विचारायचे, “आणखी काही? मोजे बसले का?” चिलबोक रश्श्यात चमचा फिरवत म्हणायचा, “बसले. चांगले ऊबदार आहेत म्हणाले.” मला वाटलं, आता तो माझ्यावर रागावला. तिथं एकटा बसून त्यानं सगळा हिशोब लावला असणार, की माझ्या एका शब्दानं त्याचं आयुष्य गेलं. मला टोमणा मारावा एवढीही माया उरली नाही. सात वर्षं मी हे उराशी धरून मोजे शिवले.

पण एक आशा होती. शिमचा बाप कसा सुटला होता ते मला ठाऊक होतं. आभाळात काही भलतंसलतं झालं की राजा घाबरतो आणि कैद्यांना सोडतो. जग पाऊस मागतं, पोरंबाळं मागतं. मी शेंडेनक्षत्र मागायचे. दिवस मावळताना पश्चिमेकडे आणि पहाटे पूर्वेकडे बघणं हा माझा नेमच झाला. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली. ती मला हळूच विचारायची, “सासूबाई, रोज काय शोधता?” मी म्हणायचे, पाऊस.

अकराव्या वर्षी तिसऱ्या महिन्यात ते आलं. पहाटे पूर्वेला, समुद्रावर. शेपूट आधीच्यापेक्षा आखूड, पण लख्ख. गाव पुन्हा घाबरलं, बायका पुन्हा रांजण झाकायला धावल्या. मी एकही झाकला नाही. दादाच्या खांबाला हात लावून ओट्यावर उभी राहिले आणि रडले. आनंदानं रडले मी, ज्याला सगळं जग भितं त्याला बघून.

बाराव्या दिवशी कचेरीच्या अंगणात फर्मान वाचलं. अंमलदार नवा होता, तरुण, सर्दी झालेला. फर्मान मात्र शब्दन्‌शब्द तेच: शब्द कितीही कडू असोत, कितीही उद्धट असोत. अकरा वर्षं ते मला पाठ होतं. मग सुटका झालेल्यांची यादी वाचली. चौदा नावं. मी प्रत्येक नाव बोटांवर मोजत गेले. त्यात प्यो उन-सोक नव्हता.

मी गर्दीतून पुढे गेले. माझ्या वयाची बाई अशी पुढे आलेली पाहून कारकून हसायला लागले.

“शिक्षा होणार नाही ना?” मी विचारलं.

“कसली शिक्षा, आजी?” तरुण अंमलदार म्हणाला.

“आत्ताच वाचलंत ना, कडू बोललं तरी चालेल? मग लिहून घ्या. अकरा वर्षांपूर्वी या अंगणात मी खोटं बोलले. माझ्या भावाचा कागद मी आठव्या महिन्याच्या तृतीयेला आणला. शेंडेनक्षत्र तेव्हा वर होतं. तेव्हाच्या अंमलदारानं मला खोटं सांगायला लावलं. माझा भाऊ माफीत बसतो. त्याचं नाव यादीत घाला.”

हसणं थांबलं. अंमलदारानं नाक पुसलं आणि एका कारकुनाला आतून वही आणायला सांगितली. कारकून बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, “प्यो उन-सोक? काळ्या बेटावरचा? तो मेलाय.”

“कधी?” अंमलदारानं विचारलं.

“चौथ्या हिवाळ्यात. ताप.”

“घरी कळवलं नाही?”

“कुणी विचारलं नाही, साहेब.”

मी तिथंच खाली बसले. अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी मागवलं, म्हणाला, “आजी, आता त्याचा काय उपयोग?” मी म्हटलं, “तरी लिहा.” कारकुनानं लिहिलं. मी म्हटलं, “वाचून दाखवा.” त्यानं वाचून दाखवलं. बरोबर होतं, तृतीया, श्राद्ध, मासा, सगळं. पण कागदावर खरंच तेच लिहिलं होतं का? ते मला कुठून कळणार? पुन्हा एकदा मला समोरच्याच्या शब्दावरच विसंबायचं होतं.

तिथून मी किनाऱ्यावर गेले. चिलबोक उलट्या टाकलेल्या होडीच्या फटी बुजवत होता. मला बघूनच त्याला कळलं.

“सात वर्षं,” मी म्हटलं.

“मालसुन, बस जरा.”

“सात वर्षं तू माझा रस्सा ओरपलास!”

“ते गेल्यावरच्या पहिल्या खेपेला सांगायलाच आलो होतो ग. देवाशपथ. तू दारात उभी होतीस, चुलीवर उकळत होतं, तू म्हणालीस, काय म्हणाला माझा भाऊ? माझ्या तोंडून निघून गेलं, बरे आहेत. एकदा निघालं की मागं कसं घेणार?”

“आणि मोजे?”

तो खाली बघायला लागला. मीही खाली बघितलं. त्याच्या गवताच्या जोड्यांत माझे टाके होते, टाचेला दुहेरी, दादाची टाच फार घासायची म्हणून घातलेले.

“एक जोड त्यांच्या मातीत ठेवला,” चिलबोक म्हणाला. “उरलेले... समुद्रावर थंडी फार असते, मालसुन.”

मी त्याला काय म्हणाले ते लिहीत नाही. शिमनं केसानं माझा गळा कापला, पण त्यात त्याचा काही लाभ तरी होता, खुर्ची होती. या माणसानं मला सात वर्षं एका मेलेल्या माणसाची आशा वाढली, तीही दयेपोटी. त्याला मी क्षमा केलेली नाही. तो मागच्या वर्षी वारला, मी तिकडे फिरकलेही नाही.

घरी आले तेव्हा दुपार होती. चूल पेटवताना मला ते तीन निरोप आठवले. डावा मोजा मोठा झाला. रांजण झाकतेस ना. मीठ कमी घाल. तेवढेच खरे होते. म्हणजे तो माझ्यावर कधीच रागावला नव्हता. अंगणात माझ्या तोंडून शिमचं वाक्य निघालेलं त्यानं ऐकलं, ओळखलं, आणि बेटावर जाऊनसुद्धा पहिल्या संधीला मला चिडवलं. आणि मी मात्र सात वर्षं त्याच्यावर, माझ्या दादावर, मनात कोतेपणाचा आळ घेऊन बसले होते. शिमनं, चिलबोकनं, राजानं मला फसवलं. पण दादाला मी कुणाच्या पंक्तीत बसवलं!

आमच्याकडे बायकांची म्हणून सोपी अक्षरं असतात, पुरुष त्यांना हसतात. माझ्या सुनेला ती येतात. त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला शिकव. ती आधी लाजली, मग चुलीतल्या राखेवर काडीनं काढून दाखवायला लागली. मला बावीस दिवस लागले. बावीस दिवस! चाळीस पोरांमधून माझ्यासाठी तेवढे त्याला काढता आले नाहीत. हिला मी शिकवलं नाही, चूक माझी आहे, असं तो म्हणाला होता, आणि मी रागावले होते.

कचेरीतला तो कागद मला कुणी बघू देत नाही. दोनदा जाऊन आले. तिथं काय लिहिलंय ते मला माहीत नाही. शेंडेनक्षत्रही केव्हाच गेलं, माफीचे दिवस संपले. म्हणून हे मी माझ्या घरात, माझ्या हातानं, कुणालाही वाचून दाखवायला न सांगता लिहिलं आहे. आठव्या महिन्याची तृतीया होती.